मुंबईत बांधलेलं जहाज, हार्टलपूलचा धक्का: एका कुटुंबाच्या भेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या शेजारच्या कुटुंबाचं आहे. आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला रेल्वेने तासाभरावर राहतो. घरात मुलगी, जावई आणि ८ वर्षांची नात. मुंबईहून अडीच महिन्यांसाठी आलेले मुलीचे वडील ७४ वर्षांचे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. सहलीला मी गेले नव्हते, पण आखणीत माझा हात होता. परत आल्यावर चौघांशी वेगवेगळं बोलून हे लिहिलं आहे. माझा सल्ला जिथे चुकला तेही लिहिलं आहे.

वडील मुंबईतल्या एका गोदीत सुतार होते. सगळी नोकरी तिथेच गेली. लोखंडी जहाजांच्या काळातही गोदीत सुतारकामाला तोटा नसतो. केबिनी, दारं, डेकवरच्या फळ्या, जहाज सुक्या गोदीत आलं की त्याला खालून आधार देणारे ठोकळे, ही सगळी कामं सुतारांचीच. विमानवाहू ‘विक्रांत’वरही त्यांनी एका दुरुस्तीच्या वेळी काम केलं होतं. १९९७ साली ती निवृत्त झाली आणि पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, तेव्हा ते मुलीला दाखवायला घेऊन गेले होते. २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झालं आणि २०१४ च्या अखेरीस जहाज मोडायला सुरुवात झाली. मुलगी सांगते, त्या दिवसांत बाबा पेपर उघडत नव्हते.

इंग्लंडमध्ये आल्यावर त्यांना राजवाडे, बागा, पूल सगळं दाखवून झालं होतं. बघायचे, “छान आहे” म्हणायचे आणि बाक शोधून बसायचे. परतीला बारा दिवस उरले तेव्हा मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “बाबांना जुनी जहाजं दाखवायची आहेत. कुठे नेऊ?”

अडचण काय होती

वरवर पाहता अडचण साधी होती. एकच शनिवार-रविवार हातात होता आणि जहाजांची संग्रहालयं चार दिशांना. पण खोलात गेल्यावर तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या दिसल्या.

पहिली शरीराची. वडिलांचा उजवा गुडघा सपाटीवर कुरकुरत नाही, जिना उतरताना मात्र दुखतो. जुन्या लढाऊ जहाजावर तर जिनेच जिने, तेही शिडीसारखे उभे.

दुसरी वयांतल्या अंतराची. आजोबांना एका सांध्यासमोर अर्धा तास उभं राहायचं असणार. नातीला तेवढ्या वेळात तीन डेक पळून पाहायचे असणार.

तिसरी अडचण आम्हा सगळ्यांच्या उशिरा लक्षात आली. वडिलांना नक्की काय बघायचं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीने विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: “तुम्ही न्याल तिथे.” मुलांच्या घरी पाहुणे म्हणून आलेले आईवडील असंच म्हणतात. त्यांच्या पिढीत ही रीत आहे, आपल्यामुळे कुणाची धावपळ होऊ नये. आपण मात्र त्याचा अर्थ ‘यांना काहीही चालेल’ असा लावून मोकळे होतो.

समोरचे पर्याय

मी चार पर्याय कागदावर लिहून दिले.

पहिला, ग्रिनिचचं ‘कटी सार्क’. घरापासून सगळ्यांत जवळ. १८६९ साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलेलं, चीनहून चहा आणणारं शिडाचं जहाज. त्याच्या फासळ्या लोखंडाच्या आणि त्यांवर लाकडी फळ्या. २००७ मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याला आग लागली होती. २०१२ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आता ते जमिनीपासून ३ मीटर उचलून ठेवलं आहे, त्यामुळे तळाखालून फिरता येतं. नातीला आवडलं असतं आणि गुडघ्यालाही सोपं गेलं असतं.

दुसरा, पोर्ट्समथ. माझा कौल यालाच होता. एकाच आवारात तीन मोठी नावं. १७६५ चं ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीत आहे आणि सध्या त्याची प्रदीर्घ दुरुस्ती चालू आहे. १८६० चं ‘वॉरियर’ लोखंडी अंगाचं. आणि १५४५ मध्ये बुडालेलं, १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेलं ‘मेरी रोझ’. एका दिवसात तीनशेहून अधिक वर्षांची जहाजबांधणी. हिशेब मांडला तर हाच पर्याय जिंकणार, असं मला वाटत होतं.

तिसरा, हार्टलपूलला एका दिवसात जाऊन येणं. ते ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर समुद्राला लागून आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडीने सुमारे तीन तास, घरापासून किंग्ज क्रॉसला जायचा वेळ वेगळा. तिथे मुख्य जहाज एकच, ‘ट्रिंकोमाली’.

चौथा तोच प्रवास, पण एक मुक्काम करून.

खरं सांगायचं तर हार्टलपूल मी यादी पूर्ण दिसावी म्हणून लिहिलं होतं. इतक्या लांब एका जहाजासाठी कोण जाणार? नावापुढे एवढंच लिहिलं: “मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१७.”

पहिला निर्णय: कुठे जायचं

मुलीने कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काहीच विचारलं नाही. मला वाटतं, सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत बरोबर झाली. तोपर्यंत ती “पोर्ट्समथला जाऊया का?” असं विचारत होती आणि “जाऊया की” हे उत्तर घेत होती. या वेळी वडिलांनी चष्मा लावून कागद स्वतः वाचला. तिसऱ्या ओळीपाशी थांबले. मग विचारलं, “पाण्यात आहे का अजून?”

आहे, असं कळल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला नाही.

या जहाजाची हकीकत थोडी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांनी ब्रिटनमधलं ओकचं लाकूड संपत आणलं होतं. म्हणून काही लढाऊ जहाजं मुंबईत, मलबारच्या सागवानात बांधून घ्यायचं ठरलं. मुंबईची गोदी तेव्हा वाडिया घराण्याच्या हाताखाली होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले, त्यांच्यापासून ही परंपरा चालत आली. ‘ट्रिंकोमाली’ जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलं. त्याचे आराखडे घेऊन ‘जावा’ नावाचं जहाज मुंबईकडे निघालं होतं. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते पाडाव केलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले, काम लांबलं. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज मुंबईत पाण्यात उतरलं आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये पोर्ट्समथला पोहोचलं.

तोवर लढाई संपली होती. जहाज कित्येक वर्षं राखीव म्हणून उभंच राहिलं. १८४७ नंतर दोन मोठ्या मोहिमा झाल्या, पुढे ते आरमाराच्या राखीव दलातल्या खलाशांना शिक्षण द्यायला वापरलं गेलं. १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं असताना एका गृहस्थांनी ते विकत घेऊन वाचवलं आणि त्याला ‘फूद्रोयां’ हे नाव दिलं. १९८६ पर्यंत ते त्याच नावाने मुलांना शिकवत राहिलं. १९८७ मध्ये त्याला एका तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. ‘वॉरियर’ची दुरुस्ती याच गावात नुकतीच पुरी झाली होती, त्यामुळे हे काम जाणणारे हात तिथे होते. २००१ मध्ये काम संपलं. मधल्या काळात, १९९२ मध्ये, त्याला मूळ नाव परत मिळालं.

वडिलांनी हे सगळं त्या रात्री जावयाकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, “सागाचं आहे म्हणून राहिलं.” त्यांच्या मते यात नवल काहीच नव्हतं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगात तेल असतं, ते लोखंड राखतं आणि कीडही लांब ठेवतं. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

पोर्ट्समथ तिथेच मागे पडलं. जावयाने एकदा हिशेब मांडून पाहिला, तीन जहाजं की एक. मुलगी म्हणाली, “तीन जहाजं आपल्याला बघायची आहेत. बाबांना हे एकच बघायचंय.”

दुसरा निर्णय: मुक्काम करायचा की नाही

यावर दोन दिवस घोळ झाला. जाऊन-येऊन एका दिवसाचा प्रवास आठ तासांच्या वर जात होता. थेट गाड्या दिवसात मोजक्याच, त्यामुळे चुकली की दुसरीकडे बदलून जावं लागणार. मुक्कामाचा खर्च वाढतो म्हणून वडिलांचा विरोध होता. मुलीने त्यांना खोलीचं भाडं सांगितलंच नाही. योग्य की अयोग्य, मी ठरवत नाही. चारचौघांच्या घरात हेच होतं. शनिवारी दुपारी निघून संध्याकाळी पोहोचायचं, रविवारी सकाळी संग्रहालय आणि दुपारच्या गाडीने परत, असं ठरलं.

मुक्कामाचा निर्णय बरोबर होता. थकलेल्या गुडघ्याने जिन्याची पहिली पायरी घेण्यापेक्षा झोप झालेल्या गुडघ्याने घ्यावी. पण मुक्कामाने मिळालेली ताजी सकाळ आम्ही कशी वापरली, तिथे घोटाळा झाला.

तिसरा निर्णय: आधी धक्का की आधी जहाज

संग्रहालयाच्या आवारात जहाजाभोवती अठराव्या शतकातल्या बंदराचा देखावा उभारला आहे. शिंप्याचं दुकान, बंदुका घडवणाऱ्याचं, होकायंत्र-दुर्बिणी बनवणाऱ्याचं. आत माणसांचे पुतळे, आवाज, वास. मुलांना आवडेल असंच सगळं. मी मुलीला सांगितलं होतं, “आधी धक्का बघा, म्हणजे नातीला गोष्ट कळेल. जहाज शेवटी, मुख्य पदार्थासारखं.”

सल्ला वाईट होता. कारण ऐका.

आत शिरताच वडिलांना समोर तीन डोलकाठ्या दिसल्या. मुलगी सांगते, ते चालता चालता थांबले आणि टोपी काढली. तिथून त्यांना पहिल्या दुकानात नेलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. प्रत्येक दुकानाच्या दारातून मात्र ते मागे वळून डोलकाठ्यांकडे बघत होते. नात पुतळ्यांपुढे रमली, जावई फोटो काढत राहिला. पाऊण तास ठरवलेलं काम दोन तासांवर गेलं. सगळा वेळ वडील दगडी फरशीवर उभे, आणि समुद्रावरून वारा सुटलेला. जहाजावर पाऊल ठेवलं तेव्हा सकाळ सरली होती आणि त्यांनी एक हात मांडीवर दाबून धरला होता.

मुलीने हे पाहिलं होतं. “आणखी एकच दुकान,” असं तिने स्वतःलाच तीनदा सांगितलं.

चौथा निर्णय: एकत्र फिरायचं की वेगळं

वरच्या डेकवर सगळे एकत्र होते. तिथून तोफांच्या डेकवर उतरायचं होतं. जावयाने हात पुढे केला, वडिलांनी तो बाजूला सारला. जिन्याकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी कठडे धरले आणि पाठीमागच्या दिशेने पायरी पायरी उतरले. गोदीत असंच उतरतात. जावई मात्र समोर तोंड करून उतरला आणि त्याचं डोकं तुळईवर आदळलं. सहा फुटी माणूस या डेकांवर वाकूनच चालतो. वडिलांची उंची बेताची, ते ताठ चालत होते.

तोफांच्या डेकवर एका तुळईपाशी ते थांबले. तुळई जहाजाच्या बाजूला जिथे मिळते तो सांधा ते बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नात मुलीचा हात ओढायला लागली, “आई, चल ना.” मुलगी वडिलांना म्हणाली, “बाबा, पुढे अजून खूप आहे.” ते म्हणाले, “हो, चला,” आणि निघाले.

इथे जावयाने मध्ये पडून जे केलं त्याने दिवस वाचला. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही इथेच थांबा. आम्ही दोघं खाली जातो, चाळीस मिनिटांनी याच तोफेपाशी भेटू.” तो नातीला घेऊन खाली गेला, मुलगी वडिलांबरोबर राहिली. मुलीला वाटलं होतं, कुटुंबाने एकत्र बघावं, नाहीतर एवढ्या लांब एकत्र येण्यात काय अर्थ? पण चौघांनी एका चालीने चालायचं ठरवलं की ती चाल कुणाचीच नसते.

मग वडिलांनी मुलीला विचारलं, “हात लावला तर चालेल का?” तिथे एक स्वयंसेवक उभे होते, वडिलांच्याच वयाचे. मुलगी इंग्रजीत विचारायला निघाली, तोवर वडिलांनी स्वतःच तुळईकडे बोट दाखवून मान हलवली. स्वयंसेवकांनीही मान हलवली. वडिलांनी अंगठा लाकडावरून आडवा फिरवला. मग म्हणाले, “टीक?” पलीकडून उत्तर आलं, “टीक. बॉम्बे.”

“मी बॉम्बे डॉकयार्ड,” वडील म्हणाले. “कारपेंटर.”

पुढची वीस मिनिटं मुलीला दुभाषी व्हावंच लागलं नाही. तिला सगळ्यांत जास्त काळजी याचीच होती. बाबांचं इंग्रजी अडखळतं, ते लाजतील, गप्प होतील. पण गोदीतल्या सुताराचे शब्द इंग्रजीच असतात: फ्रेम, बीम, प्लँक, कील. वाक्यं नव्हती, नुसती नामं आणि हात. वडिलांनी फळ्यांच्या फटीत दोर ठोकून बसवण्याची खूण केली, एका हातात छिन्नी आणि दुसऱ्या हातात हातोडा असल्यासारखी. स्वयंसेवकांनी हसून तीच खूण उलट करून दाखवली.

वडिलांचा एक प्रश्न मात्र मुलीला विचारावा लागला: यातलं मुंबईचं लाकूड किती उरलंय? सांगाड्यातलं बरंचसं मूळ सागवान अजून जागेवर आहे, असं उत्तर मिळालं. बांधणी सुरू होताना जमशेटजींनी पठाणात, म्हणजे जहाजाच्या कण्यात, चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी रीतीप्रमाणे. तेही स्वयंसेवकांनी सांगितलं. वडील म्हणाले, “आमच्याकडे नारळ फोडतात.” मुलीने भाषांतर केलं. स्वयंसेवकांना ते फार आवडलं.

“पठाण खाली दिसेल का?” वडिलांनी विचारलं.

नातीचं काय झालं

जहाजाच्या खालच्या डेकवर खलाशी राहत. तिथेच जेवत, तिथेच झोळ्या टांगून झोपत. झोळीसाठी माणशी १४ इंच रुंदी, हा ब्रिटिश आरमाराचा नियम. निम्मे जण पहाऱ्यावर असायचे, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त जागा मिळे. जावयाने हे नातीला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. चाळीस मिनिटांनी ती धावत वर आली आणि म्हणाली, “आजोबा, १४ इंच म्हणजे किती?” आजोबांनी तिचा हात घेतला नाही, स्वतःचा पंजा पसरला. “ही एक वीत. आणि ही अर्धी. दीड वीत.” मग दोघांनी डेकवर दीड-दीड वितीने माणसं मोजली. सातव्या माणसाला ती स्वतः आडवी झाली आणि मावली नाही.

धक्क्यावरच्या दुकानांतलं तिला नंतर फारसं आठवलं नाही. दीड वीत आठवते. तिला धक्का आधी दाखवण्याचा माझा हट्ट तिच्यासाठीसुद्धा गरजेचा नव्हता, हे मला इथे कळलं.

पाचवा निर्णय: तळात उतरायचं की नाही

खलाशांच्या डेकच्या खाली जहाजाचा तळ. जहाज स्थिर राहावं म्हणून लागणारं वजन आणि महिनोन्महिने पुरणारा साठा यांची ती जागा. पठाणाच्या सगळ्यांत जवळ जायचं तर इथेच. वडिलांना तिथे जायचं होतं. पूर्ण भेटीत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

तोवर दोन जिने उतरून झाले होते. दुसऱ्या जिन्यावर त्यांना मध्येच थांबावं लागलं होतं. परतीच्या गाडीला दीड तास उरला होता आणि ती चुकली तर बदलत बदलत रात्री उशिरा घरी. मुलीने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून खाली पाहिलं, मग वडिलांच्या गुडघ्याकडे पाहिलं.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. त्यांना हळूहळू उतरू द्यायचं आणि गाडीचं पुढे बघून घ्यायचं. स्वयंसेवकांना विचारायचं की वृद्धांसाठी काही वेगळी सोय आहे का. किंवा नको म्हणायचं. ती म्हणाली, “बाबा, नको. पुन्हा चढताना त्रास होईल.”

ते म्हणाले, “बरं.”

जावई खाली जाऊन मोबाइलवर चित्रफीत काढून आला. वडिलांनी ती तिथेच उभं राहून पाहिली. चित्रफितीत अंधार होता, आणि जावयाला काय बघायचं ते माहीत नसल्याने कॅमेरा भिंतींवर फिरला होता, खाली नाही.

हा निर्णय चुकला, असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी, त्या गुडघ्याला, तेवढ्या वेळात मीही हेच केलं असतं. पण तो क्षण तसा झाला तो सकाळच्या दोन तासांमुळे. जहाजावर आधी चढले असते, ताज्या पायांनी थेट तळापर्यंत उतरले असते आणि मग एकेक डेक वर येत गेले असते, तर हा प्रश्न इतका अवघड होऊन समोर आलाच नसता.

निष्पत्ती

गाडी मिळाली. वडील गाडीत खिडकीशी बसले आणि पहिला तासभर काही बोलले नाहीत. मुलीला वाटलं, रागावले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली ती लंडन येईपर्यंत. गोदीतला पहिला दिवस. उस्तादाने वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, हातात कसा दिला ते. लाकडाचा वाकडा बुंधा बघून त्यात जहाजाची फासळी कशी दिसायला हवी ते. मुलगी म्हणते, यातलं अर्धं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. चाळीसेक मिनिटांनी जावयाने मोबाइलवर आवाज टिपायला सुरुवात केली, त्याआधीचं गेलं.

गुडघा दोन दिवस सुजला, शेकल्यावर उतरला. नातीने शाळेत वर्गापुढे १४ इंचांवर बोलून दाखवलं, जमिनीवर खडूने रेघा मारून. इतक्या मुलांना झोपवून दाखवलं की बाईंनी तिला थांबवलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीशी बोलताना या यादीत सगळ्यांत वर आलं ते जहाजाच्या क्रमाचं. ज्यासाठी गेलो ते आधी. देखावे, दुकानं, माहितीपट सगळं नंतर. उरलं तर उरलं. जहाजावरही सगळ्यांत कठीण जागा सगळ्यांत आधी, कारण पायांतला जोर दिवसभर सारखा राहत नाही. लहान मूल बरोबर असलं तरी हेच. मुलाला रमवायला एक १४ इंच पुरतात.

संग्रहालयाला आधी लिहून विचारायला हवं होतं: जिने किती, कुठल्या डेकवर कशी सोय, बसायला जागा कुठे, शांत वेळ कोणती. आम्ही गाड्यांच्या वेळा चारदा तपासल्या आणि हे एकदाही विचारलं नाही. त्याच पत्रात “आमच्याबरोबर मुंबईच्या गोदीतले निवृत्त सुतार आहेत” एवढं एक वाक्य घालायला हवं होतं. अशा जहाजांवर काम करणारे लोक या वाक्यासाठी वेळ काढतात, हे त्या स्वयंसेवकांकडे बघून कळलं. ती भेट योगायोगाने घडली. ठरवून घडवता आली असती.

परतीची गाडी संध्याकाळची घ्यायला हवी होती. मुक्कामाचे पैसे देऊनही आम्ही घाईने निघण्याचीच सोय केली होती.

तुकड्यांत फिरण्याचं आधीच ठरवायला हवं होतं, म्हणजे जावयाला ऐनवेळी सुचण्याची वाट बघावी लागली नसती. आणि दुसऱ्यासाठी चित्रफीत काढायला पाठवायचं तर काय टिपायचं ते ज्याला बघायचंय त्यालाच आधी विचारावं. वडिलांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं.

पोर्ट्समथ सोडल्याचा पश्चात्ताप कुणालाच नाही. मलाही नाही, जरी तो माझा पहिला कौल होता.

वडील मुंबईला परतून तीन आठवडे झाल्यावर त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, तळात उतरायच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या, मोजल्या होत्यास का? तिने मोजल्या नव्हत्या. तिने हार्टलपूलला पत्र टाकलं आहे.